आयर्लंडमध्ये वेदनेची भरपाई २०२१ च्याच दराने

आयर्लंडमध्ये दुखापतीच्या भरपाईत सुमारे १७ टक्के वाढ सुचवणारा न्यायाधीशांच्या परिषदेचा प्रस्ताव संसदेपुढे न नेण्याचा निर्णय तेथील सरकारने जुलै २०२५ मध्ये घेतला. विम्याचे हप्ते महागतील, ही त्यामागील चिंता.

मात्र या निर्णयाची झळ सर्व प्रकारच्या भरपाईला सारखी बसत नाही. औषधोपचार, बुडालेले वेतन यांची ‘विशेष’ भरपाई पुराव्यानिशी प्रत्यक्ष खर्चावर ठरते. महागाईबरोबर ती आपसूक वाढते. शारीरिक व मानसिक यातनांच्या ‘सर्वसाधारण’ भरपाईला पावती नसते. ती एप्रिल २०२१ पासून लागू असलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मोजली जाते: सहा महिन्यांत बऱ्या होणाऱ्या मानेच्या किरकोळ दुखापतीसाठी ५०० ते ३,००० युरो, अत्यंत भीषण इजेसाठी साडेपाच लाखांच्या आसपास. गोठली आहे ती हीच रक्कम. जाणीवपूर्वक केलेल्या अन्यायाबद्दलची दंडात्मक भरपाई दुर्मीळ असल्याने ती सामान्य अपघातग्रस्ताच्या कामी येत नाही.

पेच अधिकाराचाही आहे. ही तत्त्वे संसदेच्या संमतीमुळेच बंधनकारक ठरतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये दिला. त्यामुळे न्यायाधीशांनी सुचवलेली वाढ सरकारच्या इच्छेवर अवलंबून राहिली.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मोटार अपघाती मृत्यूच्या दाव्यांतील काही ठरावीक रकमा दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढवण्याचे निर्देश दिले होते. आयरिश तत्त्वांत अशी आपोआप वाढ नाही.