आजीने काय खायचे सोडले?

‘दातांचे काही नाही हो, माझे सगळे ठीक आहे,’ असे आजी म्हणते आणि घरातले निश्चिंत होतात. ती समाधानी आहे, मग या वयात दवाखान्याच्या खेपा कशाला, असा युक्तिवाद शिकली-सवरलेली मुलेही करतात. मला तो साफ अमान्य आहे.

आजी खोटे बोलत नाही. पण तिच्या ताटाकडे बघा. भाकरी दुधात कुस्करलेली, काकडी किसलेली, दाणे कुटलेले. पेरू तर कधीचाच बंद. एकेक दाढ गेली तसा एकेक पदार्थ गेला. जे चावत नाही ते ताटातच नाही, मग तक्रार येणार कुठून? हे समाधान दातांचे नव्हे, सोडून दिलेल्या घासांचे आहे. त्या घासांबरोबर चोथा गेला, कडधान्ये गेली, आणि चार माणसांत बसून हुरडा खाण्याचे सुखही गेले.

वृद्धांच्या तोंडाचे आरोग्य जोखण्यासाठी १९९० साली अमेरिकेत बारा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. तिचा पहिलाच प्रश्न असा आहे, की दातांच्या किंवा कवळीच्या त्रासामुळे तुम्ही खाणे कमी केले का. दिसण्याबद्दलचे समाधान ती नंतर विचारते. हाच क्रम योग्य आहे.

दुसरी बाजू म्हणते, मग पडलेला प्रत्येक दात बसवा. तेही खरे नाही. नेदरलँड्सचे दंतवैद्यक संशोधक कायसर यांनी १९८१ मध्येच दाखवले, की पुढचे दात आणि उपदाढा शाबूत असतील तर मागच्या दाढांवाचूनही बहुतेकांचे चावणे भागते. खालचे-वरचे दात एकमेकांवर टेकतात का, याला मोल आहे. नुसत्या संख्येला नाही. कवळीचेही तेच. हिरडीखालचे हाड झिजत जाते, खालची कवळी सैल होते आणि जेवताना डबीत जाऊन पडते. फोटोपुरती ती छान दिसते.

म्हातारपणी दात जायचेच, हे पालुपदही आता पुरे. ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात, असा संकल्प जपानने १९८९ साली सोडला. तेव्हा तिथे दहातल्या एकालाही ते साधत नव्हते. २०१६ च्या पाहणीत निम्म्याहून अधिकांना साधले. वीसच का, तर तेवढ्यांवर जवळजवळ सगळे अन्न चावता येते.

आज जेवताना आजीला ‘दात बरे आहेत ना?’ असे विचारू नका. वर्षभरात काय काय खायचे सोडलेस, ते विचारा. आणि ती यादी घेऊन तिला दंतवैद्याकडे न्या.