दार कोणीं उघडलें?

अमेरिकेचें दार आमच्या लोकांनीं केवळ स्वतःच्या गुणांनीं उघडलें, असें वाक्य आमच्या सुशिक्षित वर्गांत सुभाषितासारखें ऐकूं येतें. तें कानास गोड असलें तरी खरें नाहीं. आणि ज्या असत्यामुळें कृतघ्नतेस अभिमानाचें नांव मिळतें, त्याचें खंडन करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

इतिहास काय सांगतो? १९१७ च्या कायद्यानें आशियाच्या मोठ्या भागाभोंवतीं प्रतिबंधाची रेघ ओढली व हिंदुस्थान तींत सांपडला. १९२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत, हिंदी मनुष्य 'गोरा' नव्हे, सबब नागरिकत्वास अपात्र, असा निकाल दिला. थिंद हे अमेरिकन सैन्यांत चाकरी केलेले सुशिक्षित गृहस्थ होते; त्यांचे गुण त्यांच्या कामीं आले नाहींत. पुढें १९४६ सालीं कृपा झाली, ती वर्षास १०० हिंदी माणसांपुरती! गुण तेव्हांही होते. दार मात्र बंद होतें.

तें उघडलें १९६५ सालीं. त्याच्या आदल्या वर्षीं नागरी हक्कांचा व त्याच वर्षीं मतदानहक्काचा कायदा झाला होता. ज्या कृष्णवर्णीय जनतेनें तुरुंग व लाठ्या सोसून वर्णभेदाची लाज राष्ट्रास वाटावयास लावली, तिच्याच चळवळीच्या लाटेंत वंशाधिष्ठित कोटाही वाहून गेला. नांगर त्यांनीं धरला. पीक आमच्याही पदरांत पडलें.

कोणी म्हणेल, नव्या कायद्यानें विद्वानांस व कुशल कारागिरांस प्राधान्य दिलें ना? दिलें. पण चाळणींतून निवडलेले दाणे दाखवून साऱ्या शेताची थोरवी गाणें हा कोठला न्याय?

शिवाय, त्याच कायद्यानें पश्चिम गोलार्धावर प्रथमच वर्षास १,२०,००० ची मर्यादा घातली. मेक्सिकन मजुरांस करारानें आणण्याची योजना १९६४ मध्यें बंद पडलीच होती. सुगीस नित्य येणारा मजूर रस्ता न बदलतां 'बेकायदा' ठरला. १९८६ च्या कायद्यानें सुमारें २७ लक्ष लोकांस वैध करावें लागलें, तें उगीच नव्हे. त्या मजुरास आमचे पदवीधर बंधु नाकें मुरडतात, हें पाहून आम्हांस खेद होतो.

आज त्यांची स्वतःचीही पाळी आली आहे. १९९० च्या कायद्यानें नोकरीच्या आधारें कायम वास्तव्याचे परवाने वर्षास सुमारें १,४०,००० ठेविले व कोणत्याही एका देशास सामान्यतः शेंकडा ७ हून अधिक वांटा नाहीं असें ठरविलें. चिमुकल्या आइसलंडास जी मर्यादा, तीच विशाल हिंदुस्थानास! म्हणून आमचे इंजिनियर वर्षानुवर्षें तिष्ठत आहेत. त्यांची तक्रार रास्त आहे. परंतु न्याय मागणाऱ्यानें तो केवळ स्वतःपुरता मागूं नये. ज्यांनीं दार उघडलें त्यांचें ऋण मानावें, आणि जे अद्यापि उंबऱ्याबाहेर आहेत त्यांस हिणवूं नये. एवढें झालें तरच ती तक्रार ऐकण्यायोग्य ठरेल.