बाणाच्या शेपटीकडे लक्ष दिलंत का?

तुमच्या घरात कुणी तिरंदाजीच्या क्लासला जातं का? 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले, तेव्हा 'मलाही शिकायचंय' असा हट्ट बऱ्याच घरांत झाला असेल. मग चर्चा सुरू होते ती धनुष्याच्या किमतीची. बाणाच्या मागच्या टोकाला चिकटवलेल्या त्या तीन छोट्या पिसांबद्दल मात्र कुणी विचारत नाही. मूल मन लावून नेम धरतं, तरी बाण डुलत जातो आणि भलतीकडेच लागतो. बिचाऱ्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

बाण सुटतो तेव्हा तो चक्क वाकतो. त्याची शेपटी बाजूला सरकली की पिसांवर हवेचा दाब येतो आणि ती पुन्हा रेषेत ढकलली जाते. पिसं थोडी तिरकी लावली, तर बाण स्वतःभोवती फिरतो आणि आणखी स्थिर होतो. पूर्वजांना हे ठाऊक होतं. महाभारतात कंक पक्ष्याची पिसं लावलेल्या बाणाला 'कंकपत्र' म्हटलंय.

मग मोठी पिसं लावली की काम झालं? नाही ना! मोठं पीस बाणाला लवकर सरळ करतं, पण त्याचा वेगही खातं आणि वाऱ्यात त्याला जास्त ढकलू देतं. म्हणून इनडोअरच्या 18 मीटरवर चार-पाच इंची पिसं चालतात, पण ऑलिंपिकच्या 70 मीटरवर जेमतेम पावणेदोन इंचांची, पातळ, वळवलेली प्लॅस्टिकची पाती दिसतात. अमेरिकेत धनुष्याने शिकार करणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांच्या बाणाच्या टोकाला रुंद पाती असतात, ती पुढून बाणाला भरकटवतात, म्हणून मागे जास्त पकड लागते. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने वन्यप्राण्यांची शिकार बंद आहे. तेव्हा शिकारीच्या बाणांचे व्हिडिओ पाहून मुलासाठी खरेदी करू नका.

नवशिक्यासाठी माझं मत विचाराल तर खरी पिसं घ्या. ही बहुतेक टर्कीची असतात. धनुष्याला घासली तरी ती दबतात, त्यामुळे बाण फारसा उडत नाही. प्लॅस्टिकचं पातं तिथे आपटून बाणाला धक्का देतं. बांबूच्या धनुष्यावर तर पिसंच बरी. फक्त पावसात ती भिजून चिकटतात, तेव्हा प्लॅस्टिक जिंकतं. आणि हो, एका बाणाला डाव्या आणि उजव्या पंखाची पिसं एकत्र लावू नका. दोन्हींचा वळसा उलटा असतो.

एक पीस फाटलं तर नवा बाण कशाला? जुना गोंद खरवडा, जागा पुसा आणि तेवढंच पीस बदला. तीन पिसांमधलं अंतर सारखं हवं, त्यासाठी जिग नावाचा छोटा साचा मिळतो. वेगळ्या रंगाचं पीस मुलाला नीट दाखवून ठेवा. बाण कसा लावायचा हे त्यावरूनच कळतं.

तरीही बाण डुलतोय? मग प्रशिक्षकांना बिनपिसाचा एक बाण जवळून मारून बघायला सांगा. तो बाकीच्यांपासून फार लांब लागला, तर आधी बाणाचा कडकपणा आणि धनुष्याची जुळणी तपासावी लागेल. नव्या पिसांची ऑर्डर तोवर थांबवा.