मोटार आणि गृहस्थ : खडबडीत टायरांचा मोह

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या मध्यम स्थितींतल्या कुटुंबांत मोटार घ्यावयाची म्हटली, कीं ती उंच, ऐसपैस आणि सात माणसें बसतील अशीच घेण्याकडे कल दिसूं लागला आहे. त्यांत गैर कांहींच नाहीं. आजी-आजोबा, दोघे भाऊ व त्यांची मुलेंमाणसें असें घर एकत्र बाहेर पडावयाचें, तर लहान गाडी पुरत नाहीं. परंतु अशी गाडी दारांत येऊन तीन-चार वर्षें झालीं आणि पहिले टायर झिजले, कीं घरांत एक नवा वाद उपस्थित होतो. एखादा तरुण पुतण्या म्हणतो, ‘काका, या खेपेस ऑल-टेरेन टायर घालूं या.’ काका म्हणतात, ‘आहेत तसलेच पुरे.’ आजोबा विचारतात, ‘किंमत काय पडेल?’ आणि पुष्कळदां निकाल लागतो तो टायर दिसतो कसा यावर. पांढऱ्या ठळक अक्षरांचा, मोठाल्या ठोकळ्यांचा तो टायर गाडीला एक प्रकारचा दरारा आणतो, हें कबूल केलेंच पाहिजे. पण दराऱ्यानें गाडी थांबत नाहीं. आणि टायराकडून गृहस्थास हवी असलेली पहिली गोष्ट म्हणजे गाडी थांबणें ही होय.

ऑल-टेरेन याचा शब्दार्थ कोणत्याहि भूमीवर चालणारा. हवेचा टायर बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें १८८८ सालीं व्यवहारांत आणला. मिशेलिन कंपनीनें १९४६ सालीं रेडियल बांधणीचें पेटंट घेतलें. ऑल-टेरेन हा त्या मानानें अगदीं अलीकडचा प्रकार असून, बीएफ गुडरिच कंपनीनें १९७६ सालीं अमेरिकेंतील हलक्या ट्रकांसाठीं असा रेडियल टायर बाजारांत आणला. सकाळीं शहरांत जावयाचें आणि दुपारीं कुरणांतून अगर वाळवंटांतून गाडी हांकावयाची, अशा माणसांची ती गरज होती. आज आपल्याकडील दुकानांत तीन जाती आढळतात : डांबरी रस्त्यासाठीं हायवे-टेरेन, चिखलासाठीं मड-टेरेन, आणि या दोहोंच्या मधला तो ऑल-टेरेन. मधला असल्यामुळें त्याला दोन्हीकडचे गुण कांहीं अंशीं मिळाले आहेत व दोन्हीकडचे दोषहि कांहीं अंशीं मिळाले आहेत.

आतां टायर रस्त्याला धरतो म्हणजे काय, हें थोडें आंकडेमोड करून पाहूं. माणसें व सामान यांसह गाडीचें वजन २००० किलो धरलें, तर प्रत्येक चाकावर सुमारें ५०० किलो भार येतो. टायरांत ३३ पौंड हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २.३ किलो दाब आहे. भागाकार केला कीं एका चाकाखालीं जमिनीस टेकलेली जागा सुमारें २१५ चौरस सेंटिमीटर येते. पंधरा सेंटिमीटर लांब व चौदा रुंद, बस्स एवढीच. सारें कुटुंब अशा चार तुकड्यांवर उभें असतें. या तुकड्यांतूनहि खांचांची जागा वजा जावयाची, आणि ऑल-टेरेन टायरांत खांचा रुंद असल्यामुळें ही वजाबाकी मोठी असते. शिवाय त्याचे ठोकळे उंच. जोरानें ब्रेक दाबला असतां उंच ठोकळा वांकतो, त्याची एक कड उचलली जाते आणि उरलेल्या रबरापैकींहि थोडेंच रस्त्यावर नीट टेकतें. अणकुचीदार दगडांनीं टवके उडूं नयेत म्हणून त्याचें रबरहि सामान्यतः अधिक चिवट ठेवलेलें असतें. तें दगडांस उत्तम. पण ओल्या, गुळगुळीत डांबरास बिलगावयाला नरम रबर हवें.

येथें एक समजूत दूर करणें अवश्य आहे. ‘खांचा खोल, म्हणून पावसांत पकड चांगली’ असें पुष्कळ सुशिक्षित माणसेंहि म्हणतात. तें अर्धेंच खरें आहे. रस्त्यावर बोटभर पाणी सांचलें असेल, तर तें बाजूला सारावयास खोल व रुंद खांचा खरोखर उपयोगी पडतात. पण पावसाळ्यांतला बहुतेक प्रवास अशा तळ्यांतून होत नसून, नुसत्या ओल्या रस्त्यावरून होतो. तेथें पाण्याचा थर कागदासारखा पातळ असतो, आणि तो पुसून काढण्याचें काम मोठ्या खांचा करीत नाहींत. तें रबर स्वतः आणि त्यावरील सुरीनें कापल्यासारख्या बारीक चिरा करतात. ओल्या शहाबादी फरशीवर खिळे मारलेली जाड वहाण घसरते व साधी रबरी चप्पल टिकते, तशांतलाच हा प्रकार. नव्या काळचे कांहीं ऑल-टेरेन टायर या बाबतींत पुष्कळ सुधारलेले आहेत, आणि झिजून गोटा झालेल्या रस्त्याच्या टायरापेक्षां नवा कोरा ऑल-टेरेन पावसांत केव्हांहि बरा. तथापि एकाच मापाचे व सारख्याच प्रतीचे दोन नवे टायर शेजारीं ठेवले, तर ओल्या डांबरावर लवकर थांबणारा बहुधा रस्त्याचाच असतो.

पाणी खरोखरच सांचलेलें असतें, तेव्हां खांचांच्या जोडीला हवेचा दाबहि तितकाच महत्त्वाचा असतो. अमेरिकेच्या नासा या संस्थेनें १९६३ सालीं विमानांच्या चाकांविषयीं एक टिपण प्रसिद्ध केलें. पाण्यानें भरलेल्या धांवपट्टीवर चाक कोणत्या वेगास जमीन सोडून तरंगूं लागतें, तें मुख्यतः चाकांतील हवेच्या दाबावरून त्यांत काढून दाखविलें आहे. तें सूत्र मोटारीस लावलें, तर ३३ पौंडांस ताशीं सुमारें ९५ किलोमीटर, आणि २२ पौंडांस सुमारें ७८ किलोमीटर असा वेग येतो. मोटारीचा टायर विमानाच्या टायरासारखा नसतो, म्हणून हे आंकडे तंतोतंत घेऊं नयेत. पण दिशा खरी आहे. कच्च्या वाटेवर हवा कमी करावी असा सल्ला ऑल-टेरेनवाले देतात, व तो योग्यहि आहे. मात्र डांबरावर परततांच ती पुन्हा भरली नाहीं, तर चारशें रुपयांच्या हवेच्या पंपाचा आळस भलताच महाग पडावयाचा.

मग निवड कशी करावी? आमच्या मतें घरच्या जमाखर्चाच्या वहींत एक पान घालून आधीं गाडीच्या वर्षाचा हिशेब मांडावा. पुण्याचें एखादें कुटुंब घ्या. वर्षाला गाडी १२,००० किलोमीटर चालते. कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर, आणि मूळ घर त्याच तालुक्यांतल्या एका वाडींत. डांबरी रस्ता सोडल्यावर घरापर्यंत चार किलोमीटर कच्ची वाट. वर्षांतून तीन फेऱ्या, जातां-येतां धरून कच्ची वाट झाली २४ किलोमीटर. म्हणजे हजारांत दोन. उलट त्याच तीन फेऱ्यांत पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट व चिपळूण हा डांबरी मार्ग सहा वेळां ओलांडावा लागतो, आणि त्यांतली एखादी फेरी गणपतीची, म्हणजे ऐन भाद्रपदांतली असते. उतारावर समोरून एस. टी. येते, वळणावर रस्ता ओला असतो, मागच्या बांकावर आजी आणि दोन नातवंडें बसलेलीं असतात. टायर या क्षणाकडे पाहून घ्यावयाचा, कीं त्या चार किलोमीटरांकडे? कच्च्या वाटेवर गाडी अडली तर उतरून चालत जातां येतें. घाटांत ती न थांबली तर पुढें बोलावयास नको.

याचा अर्थ ऑल-टेरेन कोणीच घेऊं नये असा नाहीं. ज्यांची कलमें जांभ्याच्या सड्यावर आहेत व ज्यांना आठवड्यांतून तीन-चार वेळां तेथें जावें लागतें, त्यांनीं तो अवश्य घ्यावा. जांभ्याच्या कडा धारदार असतात, आणि टायराची नाजूक बाजू म्हणजे त्याची कूस. तळ फाटण्यापेक्षां कूस फाटणें वाईट, कारण ती शिवतां येत नाहीं. चांगल्या ऑल-टेरेन टायराची कूस जाड व मजबूत असते, आणि हाच त्याचा आमच्या प्रदेशांतला सर्वांत खरा गुण होय. डोंगरांतील प्रकल्पांवर काम करणारे इंजिनियर, धरणाकडे अगर जंगलाकडे रोज जाणारे अधिकारी, दुर्गम खेड्यांत दवाखाना चालविणारे डॉक्टर, यांचा हिशेबहि त्याच बाजूला झुकेल.

विदर्भ-मराठवाड्यांतील वाचकांना मात्र वेगळें सांगावयाचें आहे. तिकडच्या काळ्या मातीचा चिखल हा इतर चिखलांसारखा नव्हे. तो खांचांत भरला कीं निघत नाहीं. चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत ऑल-टेरेन टायराचा मातीचा गुळगुळीत गोळा होतो, आणि मग त्याच्यांत व साध्या टायरांत फारसा भेद उरत नाहीं. पुढच्या दोनच चाकांना जोर असणाऱ्या गाडीला, आणि घरगुती गाड्या बहुतेक तशाच असतात, तेथें टायर बदलून चार चाकांचा जोर येत नाहीं. पावसांत शेताच्या बांधापर्यंत मोटार नेण्याचा हट्ट सोडावा, हेंच बरें. समुद्रकांठच्या वाळूविषयींहि तेंच. तेथें खडबडीत टायर वाळू उपसून स्वतःलाच खोल पुरून घेतो. आणि पुळणीवर मोटारी नेण्यास पुष्कळ ठिकाणीं मनाई आहे, ती योग्यच आहे.

खर्चाची बाजू आजोबांसाठीं. चाक लोळतांना होणारा विरोध शेंकडा दहा वाढला तर इंधन शेंकडा एक ते दोन अधिक लागतें, असें साधारण प्रमाण आहे. ऑल-टेरेनमुळें समजा एकंदर शेंकडा तीन वाढ झाली, तर लिटरास बारा किलोमीटर देणाऱ्या आमच्या त्या पुण्याच्या गाडीला वर्षास तीसेक लिटर जास्त लागतील. ही रक्कम घर बुडविणारी नाहीं. खोल खांचांमुळें टायर अधिक वर्षें टिकेल, असें दुकानदार सांगेल. येथें मात्र सावध असावें. रबर न झिजतांहि म्हातारें होतें. पांच वर्षांनंतर टायर दरसाल तपासून घ्यावा व दहा वर्षांपलीकडे कसाहि दिसला तरी वापरूं नये, असें टायर करणाऱ्या मोठ्या कंपन्याच सांगतात. जी गाडी वर्षाला सहा हजारच किलोमीटर चालते, तिचा खोल खांचेचा टायर झिजण्याआधीं कडक होईल. खांच शिल्लक दिसेल आणि पकड गेलेली असेल. रस्त्यावर ठोकळे आपटून होणारी घरघर हीहि विचारांत घ्यावी. सगळे ठोकळे एकाच लांबीचे ठेवले तर एकसुरी आवाज येईल, म्हणून ते मुद्दाम लहान-मोठे करतात; तरी सहा तासांच्या प्रवासांत ज्येष्ठ माणसांना ती जाणवतेच.

घ्यावयाचें ठरलेंच, तर माप बदलूं नये. टायराच्या कुशीवर २१५/६५ आर १६ ९८ एच असें कांहींसें लिहिलेलें असतें. २१५ ही मिलिमीटरांत रुंदी, ६५ हें कुशीच्या उंचीचें रुंदीशीं शेंकडा प्रमाण, १६ हा रिमचा इंचांतला व्यास. ९८ म्हणजे एका टायराची शक्ति ७५० किलो, आणि एच म्हणजे ताशीं २१० किलोमीटरांची मर्यादा. शेवटचीं हीं दोन चिन्हें कंपनीनें ठरविलेल्यांपेक्षां खालचीं नसावींत. सात माणसें आणि टपावर सामान नेणाऱ्या घरानें तर ९८ च्या जागीं येणारा आंकडा पहिल्यानें पाहावा. दरारा वाढविण्यासाठीं वरील टायराऐवजीं २३५/७० घातला, तर चाकाचा व्यास शेंकडा सातांनीं वाढतो; मग कांटा ८० दाखवील तेव्हां गाडी खरोखर ८६ च्या आसपास धांवत असेल, आणि ब्रेकलाहि तें मोठें, जड चाक आवरावें लागेल. एल. टी. अशीं अक्षरें असलेला टायर हलक्या ट्रकासाठीं असतो, त्याला हवाहि अधिक लागते. तो घरगुती गाडीस विचारल्याशिवाय घालूं नये.

एम. प्लस एस. हीं अक्षरें कंपनी आपण होऊन छापते, त्यावरून बर्फांतली परीक्षा झाली असें समजूं नये. डोंगराच्या आकृतींत हिमकणाचें चिन्ह असेल, तरच तो टायर बर्फावरच्या कसोटीस उतरलेला असतो. लडाखकडे जाणाऱ्यांस, तसेंच कॅनडांत राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांस याचा उपयोग होईल. तेथील क्वेबेक प्रांतांत १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत थंडीचे टायर कायद्यानेंच लागतात, व हें चिन्ह असलेला ऑल-टेरेन त्यांत चालतो.

आमची शिफारस विचाराल, तर शंभरांपैकीं नव्वद घरांनीं मजबूत कुशीचा व ओल्या रस्त्यावर नांवाजलेला हायवे-टेरेनच घ्यावा, आणि वाचलेल्या पैशांतून हवेचा दाब मोजण्याचें एक चांगलें यंत्र घ्यावें. १.६ मिलिमीटर खांच उरेपर्यंत टायर वापरण्यास कायद्याची हरकत नाहीं. पण कोंकणांत उतरणाऱ्यांनीं ३ मिलिमीटरांवरच, आणि तेंहि मृगापूर्वीं, बदलावा. चारहि एकदम बदलणें उत्तम. दोनच बदलावयाचे असल्यास नवे मागच्या चाकांना घालावेत, कारण मागचीं चाकें घसरलीं तर गाडी आवरणें फार कठीण जातें. प्रत्येक टायरावर चार आंकड्यांचा शिक्का असतो; २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत केलेला. दुकानांत तो पाहिल्याशिवाय पैसे देऊं नयेत. घरच्या स्टेपनीवरहि तो असतो. ती पुष्कळ गाड्यांत पोटाखालीं टांगलेली असते व शिक्का वाचावयास जमिनीवर आडवें व्हावें लागतें, म्हणून तें काम घरांतल्या एखाद्या चपळ मुलाकडे सोंपवावें.