थोरला ‘इन्फ्लेमेबल’, धाकटा ‘फ्लेमेबल’

घाटात पेट्रोलच्या टँकरमागे गाडी अडकली की समोरचे ‘हायली इन्फ्लेमेबल’ वाचत बसण्यावाचून गत्यंतर नसते. मागच्या सीटवरच्या पोराने ‘म्हणजे हे पेट घेत नाही ना?’ असे विचारले, तर त्याला हसू नये. ‘करेक्ट’च्या उलट ‘इनकरेक्ट’, ‘व्हिजिबल’च्या उलट ‘इनव्हिजिबल’, तसेच ‘फ्लेमेबल’च्या उलट ‘इन्फ्लेमेबल’. हिशेब चोख आहे, उत्तर तेवढे चुकते. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच: चटकन पेट घेणारे.

घोळ मूळचा लॅटिनचा. तिथे एकसारखे दिसणारे दोन ‘इन’ आहेत, एक नकाराचा आणि दुसरा ‘आत’ या अर्थाचा. आग लावणे या अर्थाच्या ‘इन्फ्लामारे’त आहे तो दुसरा. सुजून लाल झालेल्या जखमेला डॉक्टर ‘इन्फ्लमेशन’ म्हणतात, तेही याच घराण्यातले. तेव्हा ‘इन्फ्लेमेबल’ थोरला. ‘फ्लेमेबल’ एकोणिसाव्या शतकात आला आणि बरीच वर्षे त्याला फारसे कोणी विचारत नव्हते. 1920च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने त्याचा आग्रह धरला. ‘इन’मुळे कुणी फसला, तर प्रश्न व्याकरणाचा नव्हे, जिवाचा होता.

शब्दाने आग लागते ही अतिशयोक्ती नाही. त्याच सुमारास बेंजामिन ली व्होर्फ हा इंजिनिअर हार्टफर्डच्या एका विमा कंपनीसाठी आगींची कारणे तपासत होता. (पुढे नाव झाले ते मात्र भाषाशास्त्रात.) त्याच्या लक्षात आले, की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ माणसे जपून वागतात आणि ‘रिकाम्या’ पिंपांजवळ बेफिकीर सिगारेट ओढतात. वास्तविक रिकाम्या पिंपात स्फोटक वाफ कोंडलेली असते, म्हणून तेच जास्त घातक. एका कारखान्यात भट्टीवरच्या भांड्यांना चुनखडीचे वेष्टन होते. चुनखडीच्या इंग्रजी नावात ‘स्टोन’ आहे. दगड कसा जळेल? पण ॲसिटिक आम्लाच्या वाफांनी तिचे कॅल्शियम ॲसिटेट झाले, आच लागल्यावर त्यातून ॲसिटोन निघाले आणि ‘दगड’ पेटला.

मराठीत ‘ज्वलनशील’ आणि ‘ज्वालाग्राही’ गुण्यागोविंदाने नांदतात, उलट अर्थाला ‘अज्वलनशील’ आहे. आपला ‘अ’ही अगदीच सरळमार्गी नाही म्हणा, ‘अमूल्य’ वस्तू फुकट मिळत नाही!

इंग्रजीतल्या धोक्याच्या पाट्यांवर आता बहुधा धाकटाच दिसतो. आपल्याकडे टँकरच्या पाठीवरून थोरला अजून घाट चढतो आहे. पोराला खरे उत्तर मिळते ते शेजारच्या लाल चौकटीतल्या ज्वाळेच्या चित्रावरून.