नाव वाचलं, गाव बुडालं

मागच्या वर्षी एका ब्रिटिश क्लायंटसाठी मी पत्त्याचा फॉर्म करत होतो. ‘काउंटी’च्या ड्रॉपडाउनमध्ये रटलंड नाही, अशी तक्रार आली. मी यादीत एक ओळ वाढवली, टेस्ट चालवली, तिकीट बंद केलं. दहा मिनिटांचं काम. नंतर वाचताना कळलं, त्या एका ओळीसाठी तिथली माणसं तीस वर्षांहून जास्त भांडली होती.

इंग्लंडच्या मधल्या भागातली ही काउंटी जेमतेम ३८० चौरस किलोमीटरची. तिचं लॅटिन ब्रीदवाक्य ‘मल्टम इन पार्वो’, म्हणजे थोड्यात पुष्कळ. १९७४ मध्ये कारभाराच्या फेररचनेत ती लेस्टरशायरमध्ये विलीन झाली, नुसता एक उपविभाग उरली. १९९७ मध्ये तिने स्वतःचा कारभार परत मिळवला. पत्त्यात काउंटी लिहायची गरज रॉयल मेलने १९९६ मध्येच संपवली होती, तरी लोक थांबले नाहीत. २००८ च्या सुमारास पोस्टाच्या यादीतही रटलंड लागलं.

इंटरनेटला ही गोष्ट भारी आवडते. चिमुकल्या काउंटीने लंडनला नमवलं वगैरे. मलाही आवडली होती. पण ती अर्धीच आहे.

उरलेली अर्धी पाण्याखाली आहे. १९७० मध्ये संसदेने कायदा केला आणि ग्वाश नदीच्या खोऱ्यात, एम्पिंगहॅम गावाजवळ धरण उभं राहिलं. काउंटीची जवळजवळ तीन टक्के जमीन गेली. नेदर हॅम्बलटन ही वस्ती अख्खी गेली, मिडल हॅम्बलटन बहुतेक गेलं. टेकडीवरचं अप्पर हॅम्बलटन तेवढं वाचलं. जलाशयाचं नाव आधी एम्पिंगहॅम होतं. काउंटी पुसली गेलीये, निदान तळ्याला तरी तिचं नाव द्या, असा आग्रह झाला आणि १९७६ मध्ये त्याचं ‘रटलंड वॉटर’ झालं.

ज्या पाण्याने रटलंडचा तुकडा गिळला, त्यालाच रटलंडचं नाव. तेही मागून घेतलेलं!

गूगलवर शोधलंत तर पहिला फोटो बहुधा नॉर्मंटनच्या चर्चचा येईल. तळ्याच्या काठावर, अर्धं पाण्यात असल्यासारखं दिसणारं. मूळचं ते तिथल्या जमीनदार इस्टेटीचं चर्च. ते पाडू नये म्हणून लोक पुढे आले. त्याचा खालचा भाग दगडांनी भरून काढला, जमीन उंच केली, ते वाचलं. आज तिथे लग्नं लागतात. नेदर हॅम्बलटनच्या घरांना असा फोटो मिळाला नाही. देखणं ते वाचवायचं, साधं ते बुडू द्यायचं, आणि वर ‘आम्ही वारसा जपला’ म्हणायचं. ही जपणूक मला मान्य नाही.

कोणी म्हणेल, १९९७ चा विजय नुसत्या नावाचा नव्हता. आपली कौन्सिल, आपला पैसा, आपले निर्णय परत आले. खरं आहे. कोणी म्हणेल, पीटरबरो, नॉर्दॅम्प्टनसारख्या वाढत्या शहरांना पाणी हवंच होतं. तेही खरं. धरण नकोच होतं, असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, हिशेब पूर्ण मांडा. नाव परत आलं म्हणजे जागा परत आली, असं नाही. नाव ही डेटाबेसमधली एक ओळ असते. डिलीट होते, तशी रिस्टोअरही होते. जमिनीला अनडू नसतो.

म्हणून गावाचं प्रेम फक्त पाटीवर मोजणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पाटीसाठी भांडणं सोपं असतं, कारण पाटी परत देणं सत्तेलाही स्वस्त पडतं.

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे आहेत. ते आजच्या नकाशावर ठेवून स्लायडर सरकवता येतो. मी एका रात्री मोबाइलवर तो सरकवत बसलो होतो. एकीकडे नेला की नेदर हॅम्बलटनच्या वाटा, घरं, कुंपणं. दुसरीकडे नेला की सपाट निळं.

माझ्या ड्रॉपडाउनमध्ये आता रटलंड आहे. नेदर हॅम्बलटन पत्त्यात टाकून काही उपयोग नाही. तिथे पत्र घ्यायला दार उरलेलं नाही.