ईयोबाचे मित्र

वाचकहो, डिसेंबर उजाडला की भोपाळकरांच्या बोलण्यात थोडा संथपणा येतो. तीन तारखेला शाळा बंद असतात, शहरात सर्वधर्म प्रार्थनासभा भरते, निरनिराळ्या धर्मांचे वाचन होते आणि १९८४ सालच्या त्या रात्री विषारी वायूने गेलेल्यांसाठी दोन मिनिटे स्तब्ध राहून मंडळी घरोघर परततात. या सभेस आम्ही पुष्कळ वर्षे जात आहोत. त्या रात्री आम्ही नववीत होतो. आमचे घर तलावाच्या अलीकडे, टी. टी. नगरात, वारा आमच्या बाजूस वळला नाही, एवढ्याच कारणाने आमच्या घरातली सगळी माणसे सकाळी उठली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहावयाचे आहे त्यात आमच्या एका चुकीची कबुली आहे, आणि ती चूक वाचलेल्या माणसाकडूनच घडू शकते.

आम्ही नुकतेच नोकरीस लागलो होतो तेव्हाची गोष्ट. शाळेत आमच्याहून काही वर्षांनी वडील अशा एक ख्रिस्ती बाई मराठी-हिंदी शिकवीत. त्यांचे घराणे मूळचे नगर जिल्ह्यातले, वडिलांच्या रेल्वेतील नोकरीमुळे भोपाळात आलेले. स्टेशनाजवळच्या वस्तीत राहत. थोरला भाऊ त्या रात्री गेला. आई पुढे नऊ वर्षे धापा टाकीत जगली आणि मग तीही गेली. आईचे दिवस होऊन गेल्यावर बाई शाळेत आल्या, तेव्हा काहीतरी बोलले पाहिजे म्हणून आम्ही म्हणालो, "बाई, देवाची इच्छा. त्यापुढे कोणाचे चालते?"

बाईंनी हातातल्या वह्या खाली ठेवल्या. "सर, देवाची इच्छा म्हणू नका. वायूची टाकी थंड ठेवणारे यंत्र बंद ठेवावे, हे देवाने ठरवले नव्हते."

पुढे त्या काहीच बोलल्या नाहीत. आठ दिवसांनी त्यांनी आमच्या हातात जुन्या बांधणीचे एक मराठी बायबल ठेवले आणि 'ईयोब' एवढेच म्हणाल्या. आम्ही मराठीचे एम. ए.; लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वर्गात रंगून शिकवणारे; पण ज्या ग्रंथामुळे त्या घराची सारी उलथापालथ झाली, तो ग्रंथ आम्ही कधी उघडलेला नव्हता. मराठी वाचकाची ही एक गंमतच म्हणावी लागेल. असो.

ईयोब हा नीतिमान गृहस्थ. गुरे गेली, चाकर गेले, दहाही मुले एका दिवसात घराखाली सापडून मेली, आणि मग अंगभर फोड उठले. तीन मित्र समाचाराला आले. त्यांनी वस्त्रे फाडली आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. इथपर्यंत त्यांचे काही चुकले नाही. चुकले ते तोंड उघडल्यावर. देव न्यायी आहे, तेव्हा तुझ्या हातून काही घडले असले पाहिजे. मुकाट्याने सोस, पश्चात्ताप कर, अशी त्यांची प्रवचने पानेच्या पाने चालतात. ईयोब ती मानीत नाही. देवाला समोर बोलवा, मला त्याच्याशी वाद घालायचा आहे, आम्हा दोघांमध्ये निवाडा करणारा कोणी असता तर बरे झाले असते, असे तो निर्भीडपणे म्हणतो. त्याची भाषा भक्ताची कमी आणि फिर्यादीची अधिक आहे. शेवटी वादळातून देव बोलतो. ईयोबाच्या प्रश्नाचे सरळ उत्तर तो देत नाही, उलट विश्वाच्या रचनेविषयी त्यालाच प्रश्न विचारून नमवतो, हे खरे. परंतु नंतर तो मित्रांवर रागावतो आणि माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत, ईयोब बोलला, असा निर्वाळा देतो. देवाची बाजू राखणारे चुकीचे ठरले आणि देवाशी भांडणारा खरा ठरला. ते पान वाचून आम्ही पुस्तक मिटले. स्टाफरूममधले आपले ते एक वाक्य आम्हास फार वेळ आठवत राहिले.

आमच्या मासिकाच्या काही वाचकांस वाटेल की, हा विचार परका आहे. आम्हास तसे वाटत नाही. नामदेव-जनाबाईंनी विठ्ठलाला काय कमी बोल लावले? १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा अन्नावाचून गेला, त्या माणसाचे देवाशी बोलणे नुसते गोड कसे असेल? रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत आलो असे मानीत, त्यातले मर्म आम्हास ईयोब वाचल्यावर उमगले. टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार पडला तो १८९३ साली नागपूर-राजनांदगाव प्रवासात, आगगाडीच्या डब्यात. म्हणजे आपल्याच जुन्या मध्य प्रांतात.

परंतु दुःख, अन्याय आणि देव या तिहींची गाठ मराठीत कोणाच्या आयुष्यात पडली असेल तर ती पंडिता रमाबाईंच्या. १८५८ साली जन्मलेल्या या मुलीला तिच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, लोकांचा विरोध सोसून संस्कृत शिकवले. तीर्थांमागून तीर्थे करीत हिंडणाऱ्या त्या कुटुंबाला दुष्काळाने गाठले. वडील, आई आणि बहीण एकामागून एक गेली. उरलेली दोघे भावंडे पायपीट करीत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तिथे 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२च्या फेब्रुवारीत तेही गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी, कडेवर मनोरमा, आणि मागे रडायला कोणी नाही. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पुण्यात केवढा क्षोभ झाला! १८९३ साली शारदा सदनावरून वादळ उठले. रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि कितीतरी मुली पालकांनी काढून नेल्या.

इथे एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. रमाबाईंनी नुसती धर्माची पाटी बदलली आणि त्यांना शांती लाभली, असे घडले नाही. ख्रिस्ताचा धर्म आपल्याला आधी मिळाला आणि प्रत्यक्ष ख्रिस्त त्यानंतर आठ वर्षांनी, १८९१च्या सुमारास भेटला, अशा अर्थाचे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. मधली आठ वर्षे त्या प्रश्न विचारीत होत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. पण चर्च सांगते म्हणून माना, हा त्यांचा आग्रह रमाबाईंनी शेवटपर्यंत स्वीकारला नाही. ज्या बाईने पुण्याच्या शास्त्र्यांपुढे मान तुकवली नाही, ती विलायतेतल्या मठापुढे तरी का तुकवील?

आणि समाधान लाभल्यानंतर त्या स्वस्थ बसल्या काय? १८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. आपल्या आईबापांना ज्याने नेले तोच काळ पुन्हा आलेला पाहून रमाबाई पुण्याहून इकडे धावल्या. मदतकेंद्रांतून, अनाथगृहांतून त्या हिंडल्या. तिथे तरुण, निराधार मुलींवर टपलेले लोक त्यांनी पाहिले आणि शेकडो मुलींना त्या आपल्याबरोबर घेऊन गेल्या. केडगावचे मुक्तिसदन वाढले ते या मुलींमुळे. त्याच १८९७ सालात पुण्यास प्लेग होता. सरकारी प्लेग रुग्णालयात आपल्या आश्रमातल्या मुलीची परवड झाली, स्त्रियांना तिथे नीट वागवले जात नाही, असे रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात नाव घालून लिहिले. सरकारने आरोप नाकारले. राज्य ख्रिस्ती लोकांचे, पत्र ख्रिस्ती लोकांचे, लिहिणारी ख्रिस्ती; तरी तिने गप्प बसणे हा धर्म मानला नाही. आमच्या मते देवाच्या सांत्वनाची परीक्षा ती हीच. ते खरे असेल तर माणसाचा आवाज बसत नाही, उलट त्याला कंठ फुटतो.

रमाबाईंची श्रवणशक्ती तरुणपणापासूनच मंदावत गेली होती. १९२१च्या जुलैत एकुलती एक मनोरमा चाळिसाव्या वर्षी गेली. रमाबाई तेव्हाही एक काम करीत होत्या: मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत बायबलचे भाषांतर, साधारण शिकलेल्या बायकांना कळावे असे. केडगावच्याच छापखान्यात ते छापले जात होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला. ईयोबाचे पुस्तक त्यात आहे. आईबाप, भावंडे, पती गमावलेल्या बाईने ती ओळ न् ओळ मराठीत उतरवली असेल तेव्हा तिला कोशाची गरज किती ठिकाणी पडली असेल, असा विचार मनात येतो.

भोपाळविषयी नवे काय सांगावे? १९८९च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयात केंद्र सरकार आणि युनियन कार्बाइड यांच्यात ४७ कोटी डॉलरचा समझोता झाला. बहुतेक बाधितांच्या हाती २५,००० रुपये आले, पुढे काही वर्षांनी तेवढेच पुन्हा. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांना जामीनही लगेच मिळाला. कंपनीचे अमेरिकेतले प्रमुख वॉरन अँडरसन खटल्याला कधीच उभे राहिले नाहीत. २०१४ साली ते वारले. वाढीव भरपाईची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. निवाडा करणारा कोणी असावा, ही ईयोबाची मागणी या शहराला समजावून सांगावी लागत नाही.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. भावाच्या दाव्याचे कागद त्यांनी आईच्या हयातीत आणि नंतरही वर्षानुवर्षे पुढे रेटले. रविवारी देवळात आणि सोमवारी दावा न्यायालयात, असा त्यांचा क्रम असे. एकदा धीर करून आम्ही विचारले, "बाई, इतके होऊन प्रार्थना कशी करवते?"

"भांडायला तरी कोणी हवे ना, सर?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "लाजाराच्या कबरेपाशी येशू रडला. पाच मिनिटांनी त्याला उठवणार होता, तरी आधी रडला. मला तेवढे पुरते."

गेल्या तीन डिसेंबरला प्रार्थनासभा आटोपल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो. बोलण्यासारखे काही नव्हते. त्यांनी चहा केला, आम्ही बसून राहिलो. बाहेर मेणबत्त्या घेतलेली मिरवणूक कारखान्याच्या दिशेने गेली. निघताना ते जुने बायबल परत द्यावे म्हणून पिशवीतून काढले, तीस वर्षे आमच्याकडेच राहिले होते. बाईंनी ते उघडून पाहिले, ईयोबापाशी आमची खूण होती. त्यांनी खूण काढून स्तोत्रसंहितेत अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रापाशी घातली, जे अंधारातच संपते, आणि पुस्तक पुन्हा आमच्या हातात दिले.